हेलिकॉप्टरचे दोन वाटे

न्यायबुद्धी हाच हंजगीकर घराण्याचा खरा वारसा होता. दुकान, घर आणि शेत ही मागाहून पडलेली भर. तीन पिढ्यांत या घराण्यातल्या कुणी दुसऱ्याचा तसूभर हिस्सा लाटला नव्हता. दुष्काळाच्या साली वीरभद्रप्पा आणि शिवलिंगप्पा या सख्ख्या भावांची वाटणी झाली तेव्हा तर ही न्यायबुद्धी इतकी लखलखली, की दगडी जात्याची खालची तळी थोरल्याकडे गेली आणि वरची धाकट्याकडे. तेव्हापासून दोन्ही घरांची ज्वारी पेठेतल्या गिरणीत जात होती. आपल्यावर अन्याय झाला असं मात्र कुणालाही म्हणता येत नव्हतं.

शुक्रवार पेठेतल्या त्या घराच्या पोटातून भिंत गेली, चादरींच्या दुकानाचे दोन गाळे झाले, देवघरातल्या जोडीच्या समया एकेकट्या झाल्या. परसातला नळ तेवढा महापालिकेचा, त्यामुळे त्याचे दोन करता आले नाहीत. आधी थोरल्यांनी भरायचं आणि मग धाकट्यांनी, असं त्याचं ठरलं. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, पण भांडतही नव्हते. भांडायचं तर बोलावं लागतं.

अशा घरात, आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, आषाढात, जर्मनीहून हेलिकॉप्टर आलं.

ते धाडलं होतं चन्नबसप्पानं. चन्नू म्हणजे गौरम्माचा मुलगा, आणि गौरम्मा म्हणजे या दोघा भावांची थोरली बहीण, अक्कलकोटला दिलेली. चन्नू तिकडे कारखान्यात होता. पुण्याला येणाऱ्या कुणा मित्राबरोबर त्यानं खोकं दिलं आणि वर नाव घातलं, ‘वीरूमामा आणि शिवामामा’. दोन मामांना मिळून एक भेट दिली म्हणजे प्रेम वाढतं, असं परदेशात राहून त्याला वाटू लागलं असणार. सोलापुरात तो वाटणीचा प्रश्न होता.

आणि वाटणीचा प्रश्न आला म्हणजे सिद्धाप्पा आला. सिद्धाप्पा चुलतभाऊ, भवानी पेठेत त्याचे माग होते आणि वाटणीत तो पंच होता. वाटणी संपली तेव्हा पंचकीही संपायला हरकत नव्हती, पण सिद्धाप्पाला तसं कुणी सांगितलं नाही. पुण्याहून सुताबरोबर खोकं त्यानंच आणलं होतं. दुपारी तो परसात आला, “शरणु, शरणु” म्हणत नळाच्या ओट्यावर बसला, समोर पोतं अंथरलं आणि दुकानातली तागडी मागवली.

“रीत ठाऊकच हाय,” तो म्हणाला. “थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. म्हंजे कुणाच्या मनात राहत न्हाय.”

खोक्याच्या झाकणावर एक हिरवं हेलिकॉप्टर बर्फाच्या डोंगरावरून चाललं होतं. आत मात्र हेलिकॉप्टर नव्हतं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या, आणि घडाला द्राक्षं लागावीत तसे त्यांना सतराशे साठ तुकडे लटकले होते. खिडक्या, खुर्च्या, चाकं, दांड्या, आणि आपण कोण ते कळू न देणारे आणखी पुष्कळ. वीरभद्रप्पांनी जन्मभर चादरी विकल्या होत्या. चादर उलगडली की गिऱ्हाइकाला दिसतं तेच मिळतं. चित्र एक आणि माल दुसराच, हा व्यवहार त्यांना मुळीच पसंत पडला नाही. तरी त्यांनी काटा स्थिर होईपर्यंत चौकटी इकडच्या तिकडे केल्या आणि दोन वाटे घातले.

“सिद्धाप्पा, त्यांना सांग, वाटे झालेत. बघून उचला म्हणावं.”

‘त्यांना’ म्हणजे पोत्याच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ बसलेल्या भावाला.

“सिद्धाप्पा,” शिवलिंगप्पा म्हणाला, “त्यांना सांग, बघायचं काय त्यात? त्यांच्या तागडीवर माझा विश्वास हाय.”

“त्यांना सांग, तागडीवर सरकारचा छाप हाय. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज न्हाय.”

सिद्धाप्पानं दोन्ही निरोप पोचवले. मध्ये पोतं होतं, तरी पोचवले.

वजनात गुंजेचा फरक पडला नाही. हेलिकॉप्टरची डावी बाजू थोरल्याकडे आली, उजवी धाकट्याकडे. पंख्याची पाती थोरल्याकडे, ती जिच्यावर फिरायची ती खुंटी धाकट्याकडे. वैमानिक दोन होते. एकेकाला एकेक मिळाला. झाकण धाकट्यानं उचललं, म्हणून बूड थोरल्याला. चिकटवायच्या औषधाची नळी एकच होती. ती थोरल्याच्या वाट्यात असल्यामुळे जोडणीचा कागद धाकट्याला मिळायला हवा होता, पण कागद म्हणजे विद्या आणि विद्येवर दोघांचा हक्क, असं म्हणून सिद्धाप्पानं तो घडीवर फाडला. कागदावर जर्मन होतं आणि चित्रं होती. वरचा अर्धा धाकट्याला गेला, खालचा थोरल्याला. त्यामुळे शिवलिंगप्पाला सुरुवात कशी करायची ते कळणार होतं आणि वीरभद्रप्पांना शेवट.

“आणि अक्काचा निरोप हाय,” तागडी उचलता उचलता सिद्धाप्पा म्हणाला. “परवा अक्कलकोटला गेल्तो. यंदा पंचमीला येते म्हणाली.”

“कुणाकडं?” दोघांनी एकदम विचारलं, आणि एकदम विचारल्याची लाज वाटून दोघेही पोत्याकडे बघू लागले.

“तेच की. ती म्हणाली, चन्नूचं विमान जोडून एका पाटावर ठेवा आणि त्याच्याशेजारी दोघं एका पंगतीत जेवायला बसा. तसं असंल तर येते. न्हायतर ह्याबी पंचमीला वाट बघू नका म्हणाली.”

“हेलिकॉप्टर,” वीरभद्रप्पा म्हणाले.

“तिला काय. उडतंय ते विमान.”

वाटणी झाल्यापासून गौरम्मा नागपंचमीला माहेरी आली नव्हती. कुणाच्या उंबऱ्यातून आत येऊ ते तुमचं तुम्ही ठरवा आणि मग कळवा, असं तिनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते ठरलं नाही, म्हणून कळवलं नाही. आई लवकर गेली तेव्हा हिनंच दोघांना मोठं केलं होतं. शिवाला तर काखेतून खाली ठेवलं नव्हतं. वीरभद्रप्पांना पेठ ‘शेटजी’ म्हणायची, मठात ‘अप्पा’ म्हणायचे, बायको तर काहीच म्हणत नसे. ‘वीरू’ म्हणणारं माणूस सबंध जगात एवढं एकच उरलं होतं, आणि ते अक्कलकोटात रुसून बसलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हेलिकॉप्टर हाती घेतलं.

दुपारी गिऱ्हाईक कमी असे. गाळ्याच्या आतल्या खोलीत, चादरींच्या थप्पीला पाठ टेकून, ते दाढीच्या पात्यानं चौकटीतला एकेक तुकडा सोडवत आणि चिकटवत. काम मुंगीला मुंडासं बांधण्याइतकं बारीक होतं. त्यात गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. कापड मोजताना ते खपून जाई. वैमानिकाला खुर्चीत बसवताना खपत नव्हतं. एकदा तो खुर्ची सोडून त्यांच्या अंगठ्यालाच चिकटला, आणि नेमकं बाहेर माळशिरसकडचं लग्नाचं गिऱ्हाईक आलं. वीरभद्रप्पांनी बत्तीस चादरी उलगडून दाखवल्या. वैमानिक अंगठ्यावर ताठ उभा राहून प्रत्येक चादर बघत होता. गिऱ्हाइकानं काही विचारलं नाही. सोलापूर मोठं शहर, इथली रीत असेल.

“जेवायला येताय, का ह्या प्लॅस्टिकच्या माणसालाच वाढू?” त्यांच्या बायकोनं, रत्नम्मानं, दारातून विचारलं.

“थांब की. ह्याचं बूड टेकंना झालंय.”

“त्याला एवढी कुटं जायची घाई हाय? अक्कलकोटला?”

ती आत आली, वाकून बघितलं, आणि करंगळीनं वैमानिकाच्या कपाळाला विभूती लावली. मग जराशा हलक्या आवाजात म्हणाली, “पलीकडं बी चाललंय. पार्वती सांगत होती नळावर.”

पार्वतम्मा म्हणजे शिवलिंगप्पाची बायको. भावांची वाटणी झाली तेव्हा जावांनाही न बोलण्याचं सांगण्यात आलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं होतं. शेंगाची चटणी, विरजण आणि बातम्या नळाच्या ओट्यावरून रोज इकडून तिकडे जात होत्या, आणि दोघींच्या नवऱ्यांना वाटे की आपलीच चटणी दिवसेंदिवस सुधारते आहे.

“कशानं चिकटवायलेत ते? औषध तर आपल्याकडं हाय,” वीरभद्रप्पांनी कागदावरची नजर न काढता विचारलं.

“खळीनं.”

“कशानं?”

“सिद्धाप्पाच्या मागावरची खळ. सुताला लावतात ती. तो म्हणाला, आमच्या खळीनं अख्खं सोलापूर ताठ उभं हाय, हेलिकॉप्टर काय चीज. दिवसभर चांगलं ऱ्हायलं म्हणे. सकाळी बघतात तर शेपूट गळून पडलेलं, आणि झुरळं सगळी खळ चाटून गेलेली.”

वीरभद्रप्पा हसले. खरं तर त्यांना मनापासून हसू आलं होतं. पण ते निम्म्यातच थांबलं. शिवा लहानपणी असाच, पतंगाला भात लावायचा आणि मग पतंगामागे कावळे लागले की अण्णाकडे, म्हणजे यांच्याकडे, बघायचा. अण्णा काहीतरी करणार, हे त्याला ठाऊक असे.

“मागंल का तो नळी?” त्यांनी विचारलं.

“ते कसले मागतात. तुमी देणार का?”

“मागितल्याशिवाय कशी देऊ? ती माझ्या वाट्याची हाय.”

“मग बसा,” रत्नम्मा म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

त्या संध्याकाळी पाणी भरून झाल्यावर औषधाची नळी नळाच्या ओट्यावर राहून गेली. वीरभद्रप्पा कधी काही विसरत नसत, त्यामुळे ती विसरताना त्यांना थोडा त्रास झाला. दोनदा मागे वळून ती नीट दिसेल अशी ठेवावी लागली. दुसऱ्या दिवशी ती तिथेच परत होती, टोपण घट्ट लावलेलं. बरोबर निम्म्यापर्यंत पिळून गुंडाळलेली. एक थेंब अधिक घेतला नव्हता. ती निम्मी नळी हातात धरून वीरभद्रप्पा ओट्यावर जरा वेळ बसून राहिले. एवढा प्रामाणिक माणूस आपला भाऊ असल्याचा त्यांना अभिमान वाटला आणि भयंकर रागही आला.

पुढे तोही विसरू लागला. एका दुपारी ओट्यावर कागदाचा वरचा अर्धा सापडला, वाऱ्यानं उडू नये म्हणून तांब्याखाली. त्यावरून वीरभद्रप्पांना कळलं की त्यांनी वैमानिकाची खुर्ची उलटी बसवली आहे, आणि तो बिचारा आठवडाभर शेपटीकडे तोंड करून हेलिकॉप्टर चालवतो आहे. त्यांनी ती काढून नीट केली, कागद परत ठेवला, आणि शेजारी आपला खालचा अर्धा विसरले. कधी इकडच्या चौकटीत आलेलं तिकडचं चाक ओट्यावर निघे. सिद्धाप्पाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला कळलं असतं तर त्यानं ओट्यावर मधोमध रेघ मारली असती.

“हे हेलिकॉप्टरच का धाडलं असंल चन्नूनं?” एकदा रत्नम्मानं विचारलं. “चांगलं घड्याळ धाडायचं दोघांना.”

वीरभद्रप्पांना कारण ठाऊक होतं. चन्नू लहान असताना कुणी मंत्री हेलिकॉप्टरनं सोलापुरात उतरला होता. सगळं गाव मैदानावर लोटलेलं. पोराला दिसावं म्हणून दोघा मामांनी त्याला आळीपाळीनं खांद्यावर घेतलं; एकाचा खांदा दुखला की दुसऱ्याचा. पंख्याच्या वाऱ्यानं धुरळा उठला आणि शिवलिंगप्पाची टोपी जी उडाली ती थेट मंत्र्याच्या दिशेनं गेली. शिवा टोपीमागे पळाला, पोलीस शिवामागे पळाले, आणि पोलिसांमागे, खांद्यावर भाच्याला घेऊन, वीरभद्रप्पा पळाले. घरी आल्यावर गौरम्मा तिघांनाही बोलली. नंतर कितीतरी दिवस तिघे जेवताना एकमेकांकडे बघून हसत होते.

“असंच धाडलं असंल,” ते म्हणाले.

पंचमीच्या आदल्या संध्याकाळी डावी बाजू पुरी झाली. पाती मात्र चौकटीतच होती. आधी सोडवली तर हरवतील, सकाळी सोडवू, असा वीरभद्रप्पांनी विचार केला. विचार चांगला होता. फक्त सकाळी पंचमी होती. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. नागाला इजा होते. रत्नम्मानं विळी, सुरी आणि दाढीचं पातं चवथीलाच गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं.

गौरम्मा सकाळच्या गाडीनं आली. सिद्धाप्पानं स्टेशनवरून टांगा केला. पण ती एकाही उंबऱ्यातून आत गेली नाही. सिद्धाप्पाचा हात धरून बोळातून सरळ परसात आली, हातानं चाचपून नळाच्या ओट्यावर बसली आणि पदराच्या गाठीतल्या लाह्या सोडल्या.

“ऊटा आत?” तिनं विचारलं. जेवलात का, हे ती कानडीतच विचारायची. मराठीत विचारलं की उत्तर खरं मिळत नाही असं तिचं मत होतं.

“न्हाय अजून,” दोन दारांतून दोघे म्हणाले.

“मीबी न्हाय. काल तुमा दोघांसाठी माझा उपवास होता. बाकीचं काय पायजे ते वाटून घ्या, भावाचा उपवास निम्मा करता येत न्हाय. आणा ते काय जोडलंय ते.”

रत्नम्मानं पाट मांडला. वीरभद्रप्पा डावी बाजू घेऊन आले, शिवलिंगप्पा उजवी. दोन्ही बाजू एकमेकींना लावल्या तर चमत्कारच झाला: त्या जुळल्या. कडेला औषध लावलं. कागदाच्या खालच्या अर्ध्यावरच्या चित्रात दोन हात दोन बाजूंनी दाबून धरलेले दाखवले होते. ते दोन्ही हात जर्मनीत एकाच माणसाचे असावेत. इथे एक बाजू थोरल्यानं दाबली, दुसरी धाकट्यानं, आणि सुकेपर्यंत सोडायचं नव्हतं. वाटणीनंतर दोघे इतके जवळ इतका वेळ कधी बसले नव्हते. सिद्धाप्पा निरोप न्यायला वाकला, पण दोघांची डोकीच एकमेकांना लागत होती. मध्ये शिरायला जागा नव्हती.

“जास्त जोर लावू नको,” वीरभद्रप्पा म्हणाले.

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे त्यांनी कुणाच्याही मार्फत म्हटलेलं नाही. पार्वतम्मानं हातातली कळशी खाली ठेवली.

“जोर न्हाय, अण्णा. तुमचाच हात थरथरायलाय.”

“हां. ते असतंय.”

“कधीपास्नं?”

“झालं वरीस.”

“मला सांगितलं न्हाय.”

“कसं सांगणार? सिद्धाप्पाबरोबर निरोप धाडला असता तर त्यानं निम्मी थरथर तुझ्याकडं पोचवली असती.”

शिवलिंगप्पा हसला नाही. त्यानं आपली बोटं हेलिकॉप्टरच्या बुडाखालून हळूच पुढे सरकवली आणि अण्णांचं मनगट खालून धरलं. हात थांबला.

“सुकलं का न्हाय अजून?” गौरम्मानं विचारलं.

“न्हाय, अक्का,” वीरभद्रप्पा म्हणाले.

औषध केव्हाच सुकलं होतं. रत्नम्माला ते दिसत होतं, पार्वतम्मालाही दिसत होतं. दोघी चुलीकडे गेल्या.

मग पाती राहिली. शिवलिंगप्पानं चौकट हातात घेतली आणि इकडेतिकडे बघितलं. “पातं द्या, सोडवतो.”

“आज पंचमी हाय,” गौरम्मा म्हणाली. “कापायचं न्हाय.”

“अक्का, हे प्लॅस्टिक हाय.”

“नागाला काय ठाऊक?”

तेव्हा असं ठरलं की धाकट्यानं एका हातानं चौकट घट्ट धरायची, दुसऱ्या हातानं अण्णांचं मनगट, आणि थोरल्यानं पातं हळूहळू पिळून सोडवायचं. पहिलं सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं सुटताना टक् असा आवाज झाला आणि ते मधोमध मोडून दोघांच्या हातांत एकेक तुकडा राहिला.

ज्या घरात जात्याची तळीसुद्धा हिशेबात होती, त्या घरात मोडतोड म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिद्धाप्पा घसा साफ करून पुढे सरकला.

“माझ्या हातनं मोडलं,” वीरभद्रप्पा म्हणाले.

“न्हाय, अण्णा. मीच चौकट हलवली.”

“तू कशाला हलवशील? माझा हात थरथरला.”

“हात मी धरला होता. थरथरला असता तर मला कळलं असतं. मी हलवली.”

“अरे, मी सांगतोय नव्हं, मी मोडलं.”

“तुमी नेहमी असंच करता. पतंग फाटला तरी माझ्यामुळं फाटला म्हणायचे बाबांपुढं. आता तरी माझं मला घेऊ द्या की.”

पन्नाशी उलटलेला, दोन वेळा दुकानमालकांच्या संघाचा चिटणीस झालेला शिवलिंगप्पा हातात प्लॅस्टिकचा अर्धा तुकडा घेऊन डोळे पुसत होता. सगळं अर्धं अर्धं घेऊन समाधान मानणाऱ्या त्या दोघांचं आज प्रथमच अर्ध्यावर भागत नव्हतं. प्रत्येकाला सगळा दोष एकट्याला हवा होता.

“असं करू,” सिद्धाप्पा म्हणाला, “दोघांचाबी सारखा...”

“सिद्धाप्पा,” गौरम्मा म्हणाली, “तू जरा पाणी भर. नळ आलाय.”

सिद्धाप्पा पाणी भरायला गेला. पंच म्हणून त्याचं ते शेवटचं काम ठरलं, आणि ते त्यानं चोख केलं. दोन्ही घरांचे हंडे काठोकाठ भरले.

चौथं पातं जपून सोडवलं, मोडलेलं राहिलेल्या औषधानं सांधलं. पंखा खुंटीवर बसवला. तीन पाती सरळ आणि एक किंचित गुडघ्यात वाकलेलं, अशा थाटात हेलिकॉप्टर पाटावर उभं राहिलं. आत दोन वैमानिक शेजारी शेजारी बसले होते. एकाच्या कपाळाला विभूती होती, म्हणून पार्वतम्मानं दुसऱ्यालाही लावली. वीरभद्रप्पांनी पाट उचलून बहिणीच्या मांडीवर ठेवला. गौरम्मानं दोन्ही हातांनी ते नाकापासून शेपटीपर्यंत चाचपलं, जसं लहान मूल तापातून उठल्यावर चाचपतात तसं. वाकलेल्या पात्यावर तिची बोटं थांबली.

“हे कुणी मोडलं?”

“मी,” दोघे म्हणाले.

“बरं झालं,” ती म्हणाली. “वीरू, तू हिकडं बस. कोण, शिवा ना? तू हितं बस.”

परसातच पंगत बसली. पुरणाचे उकडलेले दिंड थोरल्या चुलीवरचे, आमटी धाकट्या चुलीवरची, तूप कुणाचं ते कुणी विचारलं नाही. मधे गौरम्मा, दोन बाजूंना दोघे भाऊ, समोर पाटावर हेलिकॉप्टर. ती दोघांच्याही ताटात आपल्या हातानं दिंड वाढत होती, आणि वीरभद्रप्पांना भूक नसताना ते पाचवा दिंड खात होते, कारण प्रत्येक वेळी ती “वीरू, घे” म्हणत होती. बहिणीसाठी म्हणून काय काय केलं आपण, असं त्यांच्या मनात येत होतं. तिनं अट घातली नसती तर हे झालंच नसतं. तिनं बरोबर ओळखलं होतं.

हात धुतल्यावर पार्वतम्मा म्हणाली, “गौरक्का, आता लगेच जायचं न्हाय. चार दिवस ऱ्हावा की.”

“ऱ्हाणारच हाय. बुधवारी हितल्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं भरती व्हायचंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, समोरचं माणूस कोण ते आवाजावर ओळखते.”

“मग हे हेलिकॉप्टर?” वीरभद्रप्पांनी विचारलं.

“हाताला लागलं की. चांगलं असंल.”

डॉक्टरांची तारीख तिनं ज्येष्ठातच घेऊन ठेवली होती. तेव्हा हेलिकॉप्टर जर्मनीतून निघालंही नव्हतं.